पाकटाचा काटा लागला तर काय करायचं

पाकट (स्टिंगरे, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) काही मागे लागून डंख मारत नाही, ते उथळ पाण्यात वाळूत अंग पुरून पडलेलं असतं आणि आपला पाय वर पडला की शेपूट उलटं फिरवून काटा मारतं. म्हणून पाण्यात पावलं उचलून टाकू नका, तळाला पाय घासत घासत चाला, चाहूल लागली की ते स्वतःच पळतं. बूट घातलेत म्हणून बिनधास्त राहू नका हां, काटा आरपार जातो.

लागलाच तर पटकन बाहेर या, रक्त दाबून थांबवा, मग पाय गरम पाण्यात बुडवा, साधारण ४५ डिग्री, ३० ते ९० मिनिटं, उष्णतेने वेदना बऱ्याच उतरतात. पाणी आधी दुसऱ्या चांगल्या पायाने किंवा हाताने बघा, नाहीतर वर भाजायचं! बर्फ नको.

छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर काटा अजिबात उपटू नका, तसंच हॉस्पिटल गाठा. टीव्हीवर मगरी दाखवणारा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह अर्विन २००६ मध्ये छातीत काटा घुसूनच गेला. जखम छोटी वाटली तरी डॉक्टरला दाखवा, आत तुकडे राहतात, आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा.