सोनेरी आद्याक्षर करताय? या चुका टाळा

मध्ययुगीन युरोपातल्या सचित्र हस्तलिखितासारखं पान करायला बसलेला नवशिका हमखास क्रम चुकवतो. आधी रंगकाम उरकायचं आणि शेवटी 'जरा सोनं लावायचं'. संताचा निळा झगा खपून रंगवलेला असतो. प्रभावळीवर वर्ख बसवण्यासाठी जेसोवर, म्हणजे सोन्याखालच्या प्लास्टर-सरसाच्या थरावर, नळीतून श्वास सोडला जातो, त्या दमटपणाने शेजारच्या रंगातला डिंकही चिकट होतो आणि वर्ख झग्यालाच धरतो. खरवडायला जावं तर सोन्याबरोबर निळाही निघतो. त्यातून वाचलाच, तर सोनं घासून चमकवताना (घोटताना) घोटायचा अकीक दगड रंगावरून फिरतो आणि तिथे चकचकीत डाग पडतो. यावर इलाज नाही, नवं पान घ्या.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातलं तेराव्या शतकातलं 'डूस अपोकॅलिप्स' हे सचित्र हस्तलिखित अर्धवट राहिलं हे आपलं नशीब. त्यातल्या काही चित्रांत नुसतं रेखाटन आहे, काहींत सोनं चढलंय पण रंग नाही. म्हणजे आधी रेखाटन, मग सोनं आणि घोटाई, मग रंग. काळी बाह्यरेषा सगळ्यात शेवटी, ती वर्खाच्या फाटक्या कडा झाकते.

दुसरी खोड जेसोची. भिजवलेलं प्लास्टर 8 भाग, सफेदा 3, साखर 1, माशाचा सरस 1, रंगासाठी चिमूटभर गेरू. यातलं 'भिजवलेलं' कुणी वाचतच नाही! पिशवीतलं प्लास्टर ऑफ पॅरिस थेट कालवलं की ते घट्ट होऊन बसतं. 1400च्या सुमारास चेन्निनो या इटालियन चित्रकाराने आपल्या पुस्तकात ते भरपूर पाण्यात जवळजवळ महिनाभर रोज ढवळायला सांगितलंय. घाई असेल तर या वाटेला जाऊ नये. सरस जास्त झाला तर जेसो दगडासारखा होतो, वर्ख धरत नाही. साखर हवेतलं पाणी ओढते, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात ती थोडी कमीच बरी. बुडबुडा ओला असतानाच सुईने फोडा. सफेदा म्हणजे शिसं, त्यामुळे वाळलेला जेसो मास्कशिवाय घासू नका.

स्वस्त 'गोल्ड लीफ' बहुधा पितळ असतं, ते काळवंडतं. मिठाईचा चांदीचा वर्खही काळा पडतो.

'बुक ऑफ केल्स' या जुन्या सचित्र हस्तलिखिताची नक्कल करताना सोनं लावू नका. मूळात ते नाहीच, तो पिवळा रंग हरताळ या खनिजाचा आहे. आणि खरा हरताळ आणलाच, तर तो सफेद्याशी किंवा जंगालाशी (तांब्याच्या हिरव्या रंगाशी) मिसळू नका, रंग काळा पडतो. शिवाय त्यात आर्सेनिक असतं, त्यामुळे ब्रश तोंडात धरून टोक काढायची सवय आधी सोडा.