मुलांच्या घरी इंटरनेट पोहोचवताना शाळांनी या चुका टाळाव्यात

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हापासून मुलांच्या घरी अभ्यासापुरते तरी इंटरनेट असावे म्हणून अनेक शाळांनी मनापासून धडपड केली आहे. मात्र ग्रामीण भागात त्याच त्या चुका आजही होतात आणि त्यांचा फटका नेमका सर्वांत गरजू मुलांना बसतो.

सर्वांत मोठी चूक पाहणीतच होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून ‘घरी स्मार्टफोन आहे का?’ एवढेच विचारले जाते. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यापर्यंत हा फॉर्म पोहोचतच नाही आणि ज्यांनी भरला त्यांच्या ‘होय’वरून काही कळत नाही. डोंगराकडेच्या एका शाळेने अशाच पाहणीवरून जवळजवळ सर्व घरांत इंटरनेट असल्याचा अहवाल वर पाठवला होता. वस्तीवर गेल्यावर दिसले ते वेगळेच: एका घरातला फोन ट्रक चालवणाऱ्या वडिलांबरोबर परजिल्ह्यात, दुसऱ्या घरातले रिचार्ज केव्हाच संपलेले, आणि तिसऱ्या घरातली सातवीची मुलगी धाकट्या भावाला सोबत घेऊन, तिथेच रेंज मिळते म्हणून, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर अंधार पडेपर्यंत बसलेली. अहवालात या तिन्ही घरांपुढे ‘होय’ होते.

म्हणून शिक्षकांनी संध्याकाळी सातच्या सुमारास घरी जावे, असा माझा आग्रह असतो. त्या वेळी फोन कोणाच्या हातात असतो, घरात कोणत्या कंपनीची रेंज येते आणि रिचार्ज कधी संपते, हे वहीत लिहावे; एखादा व्हिडिओ तिथेच लावून पाहावा. यात वेळ जातो, हे खरे. पण दोन दिवसांत आकडे हवेत म्हणून हे टाळणे मला मुळीच मान्य नाही.

दुसरी चूक घाईची आहे. देणगीदार मिळाला की एकाच कंपनीची सिमकार्डे घाऊक आणली जातात, आणि मुलांच्या नावे ती मिळत नाहीत म्हणून एखादे शिक्षक स्वतःच्या नावावर घेतात. एका व्यक्तीच्या नावे नऊपेक्षा अधिक सिम ठेवता येत नाहीत. ही मर्यादा ओलांडल्यास २०२३ च्या दूरसंचार कायद्यात पहिल्या वेळीच ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पालकांकडे बहुधा सिम असतेच, तेव्हा देणगी त्याच्या रिचार्जवर खर्च करावी. २८ दिवसांची १२ रिचार्ज केवळ ३३६ दिवस पुरतात. वर्षाचे अंदाजपत्रक करताना तेरावे धरावेच.

भारतनेट या सरकारी योजनेची फायबर केबल ग्रामपंचायतीत आली म्हणजे वाडीतल्या घरात नेट आले, असे समजू नये. घरची जोडणी वेगळी मागावी लागते. पालकांच्या आधारकार्डाचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर कधीही मागवू नयेत. आणि रोजचा दीड जीबी डेटा दोन भावंडांत वाटला जाणार असेल, तर तासाभराच्या व्हिडिओऐवजी छोटी ध्वनिफीत आणि स्वाध्यायाचे एक पान पाठवावे.