फिरतं शिल्प फुलतच नाही? या चुका टाळा

अमेरिकन कलाकार जॉन एडमार्क यांची ‘ब्लूम्स’ ही थ्रीडी प्रिंट केलेली शिल्पं पाहिली की तसं काही आपणही करून बघावं, असं अनेकांना वाटतं. शिल्प मोटरवर फिरतं, त्यावर स्ट्रोब (ठरावीक वेगाने उघडझाप करणारा) दिवा चमकत राहतो आणि पाकळ्या आतून बाहेर उमलत जाताना दिसतात. प्रिंट छान निघूनही ती उमलत नसतील, तर बहुतेक वेळा प्रिंटरला दोष देण्यात अर्थ नसतो. पाकळ्यांमधला कोन, मोटरचा वेग आणि दिव्याचा वेग या तिघांचा हिशेब जुळलेला नसतो.

हिशेब असा. लागोपाठच्या दोन पाकळ्यांमध्ये १३७.५ अंशांचं अंतर असतं, सूर्यफुलाच्या बियांमध्ये असतं तेच. दोन चमकांच्या मधे शिल्प नेमकं तेवढंच फिरलं, की एका पाकळीच्या जागी तिच्याहून किंचित मोठी पाकळी येते आणि डोळ्यांना वाढ दिसते. सेकंदाला २४ चमका असतील तर मिनिटाला ५५० फेरे हवेत.

इथेच पहिली फसगत होते. स्ट्रोबऐवजी कॅमेऱ्याने बघायचं तर प्रत्येक फ्रेमच चमकेचं काम करते. पण ५५० हा आकडा तसाच उचलला जातो आणि मोबाइलवर शूटिंग होतं सेकंदाला ३० फ्रेम्सनी. मग दोन फ्रेम्समध्ये शिल्प ११० अंशच फिरतं आणि नुसता गोंधळ दिसतो. ३० फ्रेम्सना ६८७.५ फेरे लागतात, २५ फ्रेम्सना सुमारे ५७३.

मॉडेलमधली चूक मात्र मोटरने सुधारत नाही. सारख्या मापाच्या पाकळ्यांची कडी, तिच्याबाहेर मोठ्या पाकळ्यांची दुसरी कडी, अशी रचना कितीही सुबक दिसली तरी उमलणार नाही. प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीपेक्षा थोडी बदललेलीच हवी. कोन १३५ अंश धरला तर पाकळ्या आठ सरळ रांगांत उभ्या राहतात आणि सगळी गंमत जाते.

फूल उमलतंय, पण जागेवरच हळूहळू गोल सरकतंय? वेगात मिनिटाला एका फेऱ्याचा फरक असला, तरी चित्र सेकंदाला ६ अंश सरकतं. साध्या डीसी मोटरचा वेग इतका स्थिर राहत नाही. म्हणून दिवा वेगळ्या टायमरवर ठेवू नका. मोटरच्या फिरण्यावरूनच तो पेटवा. स्टेपर मोटर (छोट्या ठरावीक पावलांनी फिरणारी) १/१६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका पावलाचे १६ भाग करून चालवली, तर एका फेऱ्याला ३२०० पल्स (विजेचे इशारे) लागतात, म्हणजे १३७.५ अंशांना १२२२.२२. तो अपूर्णांक दर वेळी टाकून न देता पुढच्या चमकेत जमा करत न्या.

स्टेपर नुसतीच गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा तिला शून्यावरून थेट पूर्ण वेगात ढकललेलं असतं. वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. ५५० फेऱ्यांना सेकंदाला २९ हजारांहून जास्त पल्स लागतात. अर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर अ‍ॅक्सेलस्टेपर ही मोटर चालवण्याची तयार कोड-लायब्ररी साधारण ४ हजारांपर्यंतच पोचते. त्याऐवजी चिपमधलाच हार्डवेअर टायमर वापरा.

पाकळ्या पुसट दिसत असतील तर चमक फार लांब आहे. ७५ मिमी त्रिज्येची कड या वेगात सेकंदाला ४.३ मीटर धावते. १/१००० सेकंदाच्या चमकेत ती ४ मिमीहून जास्त सरकते, १/४००० मध्ये जेमतेम १ मिमी. शूटिंग करताना शटरलाही हाच नियम. चमक लहान केली की उजेड कमी होतो, म्हणून खोलीत अंधार करा.

प्रिंट करताना सीम (प्रत्येक थर जिथे सुरू होऊन संपतो तो वण) स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पाकळ्यांच्या खोबणीत लपवा. एका रेषेत आलेला सीम, एखादा ओरखडा, वर दिसणारा स्क्रू, असं काहीही चित्रात इकडेतिकडे उड्या मारताना दिसतं. पीएलए या प्रिंटिंगच्या प्लास्टिकचं शिल्प उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ६० अंश सेल्सियसच्या आसपास ते मऊ पडतं आणि तोल गेला की थरथरतं.

प्रदर्शनात ठेवणार असाल तर दाराशीच ठळक सूचना लावा. सेकंदाला २४ वेळा चमकणाऱ्या प्रकाशाने प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या माणसाला फीट येऊ शकते. ही पाटी टाळण्याजोगी नाही.

सगळं जुळूनही पाकळ्या आत शिरताना दिसल्या, तर मोटर उलटी फिरते आहे. एका कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करा, पण वीज बंद करूनच. मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटवरून ते चालू असताना तार काढली तर ते जळू शकतं.