परदेशात घर बांधायला जाण्यापूर्वी : सीमाभागातील स्वयंसेवकांसाठी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांना पूर आला, तेव्हा बेळगाव जिल्ह्यात मातीच्या भिंती भिजून घरे कशी बसली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. घर पडणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच आपल्याकडील तरुण मंडळी नेपाळला घरबांधणीच्या श्रमदानासाठी जायचे म्हणतात, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. मात्र तिथल्या गवंड्याला आपली मदत व्हायची असेल, अडचण व्हायची नसेल, तर तयारी किमान तीन महिने आधी आणि तीही इथेच, आपल्या गावात सुरू करावी.

प्रथम संस्थेची नीट चौकशी करावी. १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या, गरजूंसाठी घरे बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेने २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासह देशोदेशींचे स्वयंसेवक आणून घरे बांधली होती, त्यामुळे ही पद्धत आपल्या मुलखाला नवी नाही. संस्था कोणतीही असो, जागा कुणाच्या नावावर आहे, घरातील माणसे स्वतः कामाला असतात का, आराखडा अभियंत्याने तपासला आहे का आणि स्थानिक गवंड्यांना मजुरी मिळते का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या येण्याने तिथल्या एखाद्या मजुराचा रोजगार जाणार असेल, तर प्रवासाचे पैसे थेट बांधकामासाठी पाठवणे अधिक योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे लागते. प्रौढांचे आधार कार्ड तिथे चालत नाही. आपल्या भागात खरी अडचण येते ती नावांची. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदलल्यामुळे जुन्या दाखल्यावर 'बेळगाव' तर नव्या कागदावर 'बेळगावी' असते, आणि कन्नड नोंदीवरून इंग्रजीत उतरवलेले आडनाव शाळेच्या दाखल्याशी अनेकदा जुळत नाही. ही दुरुस्ती पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वीच करून घ्यावी. विमा घेताना शारीरिक श्रमाच्या कामात आणि उंचीवरून पडून झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे पॉलिसीत वाचून खात्री करावी. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत घेतलेली असावी. विषमज्वर आणि कावीळ-अ या लसींविषयी डॉक्टरांना निदान महिनाभर आधी विचारावे.

आता मुख्य तयारी, म्हणजे हाताची. आपल्या गल्लीतल्या एखाद्या गवंडीमामांना विनंती करून सलग आठ-दहा रविवार त्यांच्या हाताखाली काम करावे. मी असे केले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात कोरडी वीट दिली. त्यांनी तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, ते पाहता पाहता आत जिरले, आणि ते म्हणाले, "मालातलं पाणी बी ही अशीच पिणार की, मग सांधा धरंल कसा?" त्या दिवसापासून विटा आधी भिजवून ठेवणे माझ्या अंगवळणी पडले. माल, म्हणजे सिमेंट-वाळूचे ओले मिश्रण, लागेल तेवढाच कालवणे, भिंत उभी सरळ आहे का हे पाहायला ओळंबा धरणे, दोरी ताणून थर सरळ ठेवणे आणि झालेल्या बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारणे, एवढे आले तरी गवंडी आपल्याला हाकलून लावत नाही. पन्नास किलोचे सिमेंटचे पोते एकट्याने उचलण्याचा हट्ट धरू नये. वीट सुमारे तीन किलोची असते, आणि दिवसभर वाकून विटा झेलल्या की कंबर आपोआप हिशेब मागते, म्हणून गुडघे वाकवून उचलण्याची सवय इथेच लावावी. यासोबत दर आठवड्याला येळ्ळूरचा राजहंसगड चढावा, कारण नेपाळच्या डोंगरी गावांत साहित्य पाठीवरून वाहावे लागते.

मी सुरुवातीला उघड्या हातांनी माल उचलला आणि दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. ओले सिमेंट कातडी जाळते. रबरी हातमोजे, जाड तळव्याचे बूट आणि डोळ्यांसाठी चष्मा हे सामान स्वतःचे न्यावे.

तिथल्या बांधकामाची पद्धत आपल्यापेक्षा थोडी वेगळी असते आणि त्यामागे कारण आहे. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात सुमारे नऊ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे पदर सुटून घरे कोसळली. त्यामुळे आता दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड घालतात आणि जोत्यापाशी, खिडकीखाली व लिंटलला, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईपाशी, भिंतीभोवती सलग पट्टा फिरवतात. पट्ट्याच्या कोपऱ्यातील सळई आपल्याला निरर्थक वाकवलेली वाटली तरी ती स्वतःहून हलवू नये.

जाण्याचा काळ दिवाळीनंतरचा, म्हणजे नोव्हेंबरचा धरावा. पावसाळा आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर असतो आणि आपल्या नवरात्रात तिथे दसैं असल्याने गवंडी घरी जातात.

भाषेची धास्ती बाळगू नये. मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर घेत वाढलेल्या माणसाला तिसरी भाषा लवकर उमगते, शिवाय नेपाळी देवनागरीतच लिहिली जात असल्याने पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात. फक्त शाळेवर 'शिक्षा' दिसले तर त्याचा अर्थ शिक्षण. दगडाला ढुङ्गा, विटेला इँटा, मातीला माटो, वाळूला बालुवा म्हणतात; वडील माणसाला दाइ आणि बाईंना दिदी म्हणावे. 'बिस्तारै' ऐकू आले की हात सावकाश चालवावा, आणि गवंड्याने 'पुग्यो' म्हटले की माल पुरेसा झाला, घमेले तिथेच खाली ठेवावे.