मध्ययुगीन जर्मन कथाकाव्यातले कपडे वाचताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कपड्यांचं वर्णन आलं की पान उलटणं. साधारण १२०० च्या सुमारास रचलेल्या ‘निबेलुंगेनलीड’मध्ये राजा गुंटर ब्रुनहिल्डला मागणी घालायला निघतो, तेव्हा त्याची बहीण क्रीमहिल्ड ३० तरुणींना घेऊन सात आठवडे शिवत बसते. बर्फासारखं पांढरं अरबी रेशीम, झाझामांक नावाच्या देशाचं हिरवंगार रेशीम, वर जडवलेली रत्नं. अनेकांना ही कडवी निव्वळ भरताड वाटतात. पण क्रीमहिल्डची हीच सुई पुढे घात करते. नवऱ्याच्या, म्हणजे झीगफ्रीडच्या पाठीवर जिथेच फक्त वार लागू शकतो, नेमक्या त्या जागी ती कपड्यावर रेशमाने बारीकसा क्रूस भरते. हेतू एवढाच, की लढाईत गुंटरचा सरदार हागेन याने त्याला जपावं. झीगफ्रीड झऱ्यावर पाणी प्यायला वाकतो आणि हागेन त्याच खुणेवर भाला मारतो. आधीची शिलाई वगळून इथवर आलात, तर या क्रूसाची धार निम्मीही जाणवत नाही.

कपड्यावरून माणूस जोखायलाही घाई करू नका. हार्टमान फॉन औएच्या ‘एरेक’ या काव्यातल्या नायिकेचा, एनिटेचा, हिरवा झगा विरलेला, आतला सदराही फाटका, त्यातून कांती मात्र हंसासारखी शुभ्र दिसते. वोल्फ्राम फॉन एशेनबाखच्या ‘पार्त्सिफाल’मध्ये नेमकं उलट. कुंड्री या स्त्रीच्या अंगावर गेंट शहराचं निळं उंची कापड, फ्रेंच धाटणीचं, आणि लंडनची मोरपिसांची टोपी. तोंडात मात्र रानडुकरासारखे सुळे. आणि भर दरबारात पार्त्सिफालला खडे बोल सुनावते ती हीच विदुषी. खुद्द पार्त्सिफालला आईने गोणपाटाचे वेडगळ कपडे घालून धाडलेलं असतं, लोकांनी हसावं, मारावं आणि पोरगं घरी परतावं म्हणून. इथर नावाच्या सरदाराला मारून तो त्याचं लाल चिलखत चढवतो, पण आईने दिलेले कपडे उतरवायला तयार होत नाही. चिलखताखाली तेच राहतात. माझ्या मते या काव्यातली ही सर्वात बोलकी जागा आहे.

रंगांचं कोष्टक हाताशी धरून वाचणंही फसवं. हागेन काळे कपडे घालतो म्हणून काळा रंग दुष्टाचा ठरवाल, तर त्याच्या शेजारी त्याचा भाऊ दांकवार्टही काळ्यातच आहे, आणि तो खलनायक नाही.

या कपड्यांच्या चित्रांसाठी बहुतेक जण ‘कोडेक्स मानेसे’ उघडतात. ते हस्तलिखित झुरिचमध्ये साधारण १३०० ते १३४० दरम्यान तयार झालं, म्हणजे या काव्यांनंतर शंभरेक वर्षांनी. शिवाय त्यात आहेत ती गीतं, ही कथाकाव्यं नव्हेत.