ईदची भेट: दिवाळीचा उरलेला बॉक्स आधी खाली ठेवा

पुण्यात रविवार पेठेत आमचं सुक्या मेव्याचं दुकान आहे. रमजान लागला की काउंटरपलीकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं उभी राहतात. एकांना नेमकं माहीत असतं: खारीक अर्धा किलो, चारोळी पाव, पिस्ता बिनमिठाचा. दुसरी मोबाइलवरून मान वर न करता म्हणतात, "एका मुस्लिम मित्राला द्यायचंय, ईदचं काहीतरी पॅक करा." मित्राला काय आवडतं विचारलं की चेहरा कोरा. शेजारच्या काकूंना डायबेटिस आहे म्हणून दिवाळीत मिठाई टाळून अक्रोड नेणारा हाच माणूस ईदला मात्र मित्र बाजूला ठेवतो आणि त्याच्या धर्माला भेट द्यायला निघतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच होतात.

दिवाळीचा बॉक्स

हा माझा सर्वांत जुना राग आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

एका कंपनीतून एक मुलगी आली. दिवाळीचे काही बॉक्स उरलेत, त्यातला सुका मेवा तेवढा बदलून द्या, वर 'ईद मुबारक'चा स्टिकर आम्ही लावू, असं तिचं म्हणणं. झाकणावर आकाशकंदील आणि पणत्या. आत उदबत्तीची पुडी, मेणाचा दिवा, परदेशी चॉकलेटं आणि लक्ष्मी-गणपतीचं चांदीचा मुलामा दिलेलं नाणं. मी म्हटलं, मेव्याचं सोडा, आधी बाकीचं काढा. साधा खाकी बॉक्स मी देतो, एका तासाचं काम आहे. "सर, वेळ नाहीये, बॉक्स संध्याकाळी डिस्पॅच व्हायचेत." मेवा भरून दिला. नाणं आत तसंच राहिलं.

ईदनंतर कॅम्पातले एक चाचा दुकानात आले. आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाइक. खिशातून रुमाल काढला, रुमालात ते नाणं. मुलाला कंपनीतून मिळालेल्या बॉक्समध्ये होतं, पाकिटावर आमचं लेबल बघून आणलं. म्हणाले, "शेठ, हे घरात ठेवता येत नाही आणि टाकवतही नाही. तुमच्या देवघरात ठेवा." आवाजात तक्रार नव्हती. पण सत्तरी ओलांडलेला माणूस ते नाणं घेऊन कॅम्पातून रिक्षाने इथवर आला, कारण कुणाला तरी एक तास वाचवायचा होता.

देवाची मूर्ती, फोटो, नाणं, प्रसाद यांतलं काहीच ईदच्या भेटीत नको. घेणारा नाराज होईल हा मुद्दा नंतरचा. आधी तो अडचणीत सापडतो. 'शुभ लाभ' किंवा गणपती छापलेलं पाकीटही नको. अप्पा बळवंत चौकात साधी पाकिटं गठ्ठ्याने मिळतात. लहान मुलांना ईदी द्यायची तर त्यात कोऱ्या नोटा घाला. आपला वरचा एक रुपया घातलात तरी कुणी काही म्हणत नाही.

त्या बॉक्समधल्या चॉकलेटांचंही सांगतो. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की लोक निर्धास्त होतात. जिलेटिन प्राण्यांपासून काढतात, त्यामुळे ते असेल तर हिरवा ठिपका येत नाही, इथवर ठीक. पण दारूबद्दल तो ठिपका काहीच सांगत नाही. ड्यूटी फ्रीमधून आलेल्या डब्यात रम किंवा लिकर भरलेली चॉकलेटं असतातच. मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा घरी राहिला असेल तर डबाही घरीच राहू दे.

चांदीचा पेला

मराठी माणसाला मोठे उपकार फेडायचे असले की तो चांदीकडे वळतो. सदाशिव पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या बायपासच्या वेळी ज्या डॉक्टरांनी रात्रभर धावपळ केली, त्यांच्या नातवाची पहिली ईद. सरांनी लक्ष्मी रोडवरून चांदीचा पेला, वाटी आणि चमचा घेतला आणि वाटीत घालायला मामरा बदाम न्यायला माझ्याकडे आले. मी सांगून पाहिलं की इस्लाममध्ये सोन्या-चांदीच्या भांड्यातून खाणं-पिणं मना आहे, बायकांना आणि मुलांनाही. सरांनी मला चांदीचे औषधी गुण ऐकवले. पुढे काय बोलणार?

त्या घरची सूनबाई आमच्याकडेच खारीक घेते. ती सांगत होती, वाटी शोकेसमध्ये ठेवलीय. सर आले की हमखास विचारतात, बाळ यातून दूध पितं ना? मग घरातलं कुणीतरी चहाचा विषय काढतं.

चांदीच द्यायची तर मुलीला पैंजण द्या, मोठ्या माणसाला अंगठी द्या. पुरुषाला सोनं नको आणि अस्सल रेशमी कुर्ताही नको; दोन्ही फक्त बायकांना चालतात. भाभींना पैठणी खुशाल न्या, मित्राला सुती किंवा लिननचं कापड.

या एकेका ओळीत उरकतो

कुराणाच्या आयतींची फ्रेम, जानमाज (नमाजाची चटई), तसबीह (जपमाळ): भावना चांगली, पण ज्याचं त्याला घेऊ द्या.

माणसांचे-प्राण्यांचे पुतळे: पुष्कळ घरांत ठेवत नाहीत.

बोकडाच्या आकाराचा केक बकरी ईदला: नको. मीमही नको.

'हॅपी मुहर्रम': मुहर्रममध्ये करबलाचा शोक असतो. त्या दिवसांत भेट न देणं हीच समज.

जुने कपडे धुऊन-इस्त्री करून कामवाल्या ताईंना 'ईदची भेट' म्हणून: द्यायचेच तर एरवी द्या, ईदला नवं घ्या.

आणि हो, शीरखुर्म्यात मांस नसतं. दूध, शेवया, तूप आणि आमच्या दुकानातला माल. दरवर्षी कुणीतरी कानाशी येऊन विचारतं.

मग द्यायचं काय?

मी स्वतः खजूर, सुका मेवा किंवा अत्तर यांपलीकडे फारसा जात नाही. फार कल्पकता दाखवायला गेलं की घोटाळा होतो असं माझं मत आहे. अस्सल पुणेरी काही न्यायचं तर बाकरवडी न्या. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला होती, तेव्हा एका गिऱ्हाइकाने घरी केलेलं श्रीखंड नेलं. डबा रिकामा परत आलाच नाही, शीरखुर्मा भरून आला.

खजूर घेताना भाव नंतर विचारा, आधी एक फोडून बघा. आत बारीक काळी भुकटी किंवा जाळी दिसली तर पाकीट खाली ठेवा. अजवा लहान, काळपट, जरा कोरडा. मेडजूल मोठा आणि गरदार. किमिया मऊ आणि चिकट, तो फ्रिजमधला माल आहे. एप्रिलच्या उन्हात तीन तास गाडीत ठेवून मग माझ्याशी भांडायला येऊ नका. चारोळी चावल्याशिवाय घेऊच नये, ती फार लवकर खवट होते आणि एक मूठ खवट चारोळी अख्खं पातेलं घालवते. शेवया मात्र नेऊ नका. मोमीनपुऱ्यात कुणाकडून घ्यायच्या हे ज्या त्या घरचं ठरलेलं असतं.

अत्तर तेलावरचं, त्यात अल्कोहोल नसतं. फवाऱ्याचं परफ्यूम काहींना चालतं, काहींना नाही, मग जोखीम कशाला? तीन मिलीची चांगली कुपी घ्या, बारा मिलीची स्वस्त बाटली नको. मनगटावर लावून बाजारात एक चक्कर मारून या, तेवढ्या वेळात कळतं. उन्हाळ्यात खस किंवा मोगरा. भर उन्हात ऊदाचं जड अत्तर लावून पीएमटीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाशेजारी मी बसलो आहे.

वेळ

कॅलेंडरवरची सुट्टी बघून डिलिव्हरीची तारीख टाकणारे दरवर्षी फसतात. हिजरी, म्हणजे मुस्लिम पंचांगाचं, वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकते: २०२४ ला ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्च. रमजान ईदचा नक्की दिवस आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला की ठरतो. बोहरी मित्र असेल तर हिशोब आणखी वेगळा. दाऊदी बोहरा समाज आधीच आखलेल्या पंचांगाने चालतो, त्यांची ईद सहसा एक-दोन दिवस आधी होऊन जाते. सरळ फोन करून विचारा, "तुमच्याकडे ईद कधी?" यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

रोज्याच्या दिवसांत दुपारी भेट दिलीत तर बॉक्स उघडून "एक तरी घ्या ना" असा आग्रह करू नका. इफ्तारला बोलावलं असेल तर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, वीसेक मिनिटं आधी पोचा, ट्रॅफिकचं कारण सूर्य ऐकत नाही. रमजान ईदला सकाळी मंडळी नमाजाला जातात, गोळीबार मैदानाकडचे रस्ते भरलेले असतात, तेव्हा अकरानंतर जा आणि बसा. दारातूनच पिशवी देऊन पळणाऱ्याची भेट कितीही महाग असली तरी मला ती कुरियरच वाटते. बकरी ईदला सकाळी कुर्बानी आणि वाटपाची गडबड असते, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी जा.

सुका मेवा मात्र दोन-तीन दिवस आधीच पोचवा, म्हणजे तो त्यांच्या शीरखुर्म्यात पडेल. चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, साडेनऊला शटर अर्धं खाली असताना वाकून आत येणाऱ्यांना मी माल देतो, नाही म्हणत नाही. पण तेव्हा चारोळीचा डबा रिकामा असतो आणि खजुरात निवड उरलेली नसते. त्या वेळी भाव करू नका.