फुलझाडांचं कुंपण: सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) हातात घेण्याआधी

झाडाच्या फांद्या कापून त्यांना मुळं फुटवायची आणि त्या रोपांचं कुंपण करायचं. त्यातलं पहिलं काम मोजमापाचं. आडोसा जिथे हवा तिथली लांबी मोजा आणि किती रोपं लागतील ते कागदावर लिहा. जास्वंद, तगर यांना दोन रोपांत 2 ते 3 फूट पुरतात. म्हणजे 20 फुटांच्या कडेला, 2 फुटांवर एक धरलं तर 11 रोपं. पण फांद्या मात्र 20 तरी लावा, कारण काही कुजतात, काही सुकतात आणि मधेच एखादी जागा रिकामी राहिली की आडोशाला खिंडार पडतं. ओळ भिंतीपासून दोनेक फूट पुढे आखा, नाहीतर मागच्या बाजूने छाटायला हात पोचणार नाही.

मग झाड निवडा. जास्वंद, तगर आणि बोगनवेल फांदीवरून येतात. कामिनी मुळं धरायला वेळ घेते, ती हवी असेल तर गुटी कलम बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवा. कण्हेर भराभर लागते, पण ती सगळीच्या सगळी विषारी आहे. घरात लहान मूल किंवा गुरं असतील तर मी ती लावूच नका म्हणेन. लावलीच तर हातमोजे घाला, चीक डोळ्यांना लागू देऊ नका आणि छाटलेल्या फांद्या जाळू नका.

ज्या झाडाच्या फांद्या घेणार ते नीट बघून घ्या. जास्वंदीच्या पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो मिलीबग. तसल्या झाडाची एकही फांदी घेऊ नका, ती कीड पुढे सगळ्या रोपांवर जाईल. एकाच निरोगी झाडाच्या फांद्या घेतल्या तर रंग आणि वाढ सारखी राहते आणि कुंपण एकसंध दिसतं. फांद्या काढायच्या आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या.

आता मिश्रण, आणि माझ्या मते अर्धं यश इथेच आहे. बागेतली माती वापरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि फांदी खालून काळी पडते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाडसर धुतलेली वाळू निम्मी-निम्मी घ्या, ओलं करा आणि मूठभर घट्ट दाबा. बोटांतून पाणी गळता कामा नये. मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोटाने टोचताच फुटावा. खत अजिबात नको. पिशव्यांना किंवा कुंड्यांना खाली भोकं आहेत ना, तेही पाहून ठेवा.

सिकेटरला धार लावा, पातं स्पिरिटने पुसा. फांदी पेन्सिलीएवढी जाड, अगदी कोवळी नाही आणि जून लाकूडही नाही, 5-6 इंच लांब. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या पेराच्या, लगेच खाली आणि तिरपा, वरचा सरळ. एवढ्याने कुठलं टोक खाली खोचायचं ते विसरणार नाही. वरची दोन पानं ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. कळ्या मात्र सगळ्या खुडा, कितीही जीवावर आलं तरी, कारण फांदीतलं अन्न मुळांना हवं. रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी पूड) वाटीत थोडीशी काढून घ्या, फांदीचं खालचं टोक तिच्यात बुडवा आणि फांदी मिश्रणात खोचा. ओली फांदी डब्यात बुडवली की उरलेली पावडर खराब होते.

कुंड्या उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा, वर पारदर्शक पिशवी, रोज थोडा वेळ उघडून वारा द्या. दोन आठवड्यांत कोवळी पालवी दिसेल. तिच्यावर विश्वास ठेवू नका! ती फांदीतल्या साठ्यावर फुटलेली असते, खाली मूळ असेलच असं नाही. उपटून बघायचा मोह तर सोडाच, आलेली मुळं तुटतील. भोकातून पांढरं मूळ डोकावेपर्यंत थांबा. महिना-दोन महिने लागतात.

त्यानंतर आठ-दहा दिवस हळूहळू ऊन दाखवा आणि मगच जमिनीत लावा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, नव्या फांद्या वीतभर झाल्या की पुन्हा. उंचीची घाई करून शेंडा ठेवला तर झाड वर वाढतं आणि खालून उघडं पडतं, आणि रस्त्यावरून येणारी नजर बरोबर तिथूनच आत येते. पुढे छाटतानाही कुंपण वर निमुळतं आणि खाली रुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळत राहील.